स्फोटानंतरचं राजकारण

२०२५ च्या जुलैत मुंबईत दहा दिवसांच्या अंतरानं दोन निकाल लागले. २१ तारखेला उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या साखळी स्फोटांचे बाराही आरोपी निर्दोष ठरवले. खालच्या कोर्टानं २०१५ साली त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि बाकीच्यांना जन्मठेप दिली होती. ३१ तारखेला विशेष एनआयए न्यायालयानं २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडून दिले. पहिल्या घटनेत एकशेऐंशीहून अधिक माणसं गेली होती, दुसरीत सहा. दोन्ही निकालपत्रांचा सारांश एका वाक्यात मावतो : आरोप सिद्ध होईल इतका पुरावा नाही.

सरकारचं वागणं मात्र दोन्ही वेळी सारखं नव्हतं. पहिल्या निकालानंतर राज्य सरकारनं लगोलग सर्वोच्च न्यायालय गाठलं, आणि तिसऱ्या दिवशी तिथून आदेश आला की सुटलेल्यांना परत तुरुंगात टाकायचं नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. दुसऱ्या निकालाचं मुख्यमंत्र्यांनी स्वागत केलं. त्याविरुद्ध अपील घेऊन उच्च न्यायालयात गेले ते मृतांचे नातेवाईक. मालेगावचा खटला केंद्राच्या एनआयएकडे होता, राज्याच्या हातात काय होतं, असं उत्तर यावर मिळतं. ते खोटं नाही. पुरेसं आहे का, हे वाचकानं ठरवावं.

दहशतवादी हल्ला झाला की 'देशानं चोख उत्तर दिलं' किंवा 'देश गप्प बसला' असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात उत्तर देतं ते त्या घटकेला खुर्चीवर असलेलं सरकार. त्याच्या मागं युतीतले रुसलेले भागीदार असतात, पुढं कुठल्यातरी राज्याची निवडणूक असते, समोर स्वतःचा मतदार असतो. शत्रूला काय सांगायचं हे नंतर ठरतं. या मतदाराला आज संध्याकाळच्या बातम्यांत काय दिसलं पाहिजे, हे आधी ठरतं. असं सरसकट म्हणणं धाडसाचं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून दिल्ली-वॉशिंग्टनच्या गोष्टी बाजूला ठेवून, या पुस्तकात आमच्या चाळीसगावातून जे दिसतं तिथून सुरुवात केली आहे.

चाळीसगावातून बरंच दिसतं. स्टेशनातून एक फाटा धुळ्याला जातो. पश्चिमेला मालेगावचा रस्ता आहे, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. जी गिरणा मालेगावाजवळून येते तीच आमच्या तालुक्यातून पुढं भडगावकडे जाते. जिल्ह्याचं ठिकाण जळगाव, आणि १९९३ च्या मुंबई स्फोटांपासून कसाबपर्यंतचे खटले चालवणारे वकील उज्ज्वल निकम त्याच जळगावचे. म्हणजे स्फोट मालेगावात, त्यानंतरची दंगल धुळ्यात आणि सरकारी वकील जळगावचा, असा हा सगळा आमच्या एसटीच्या पल्ल्यातला प्रांत. २००८ च्या त्या स्फोटानंतर आठवडाभरातच धुळ्यात दंगल पेटली. तेव्हा स्टँडवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, 'आते काय व्हई?' स्फोट कुणी केला हे विचारणारे त्या मानानं थोडे. चौकशीचं काय होणार हे कुणीच विचारत नव्हतं, आणि माझ्या मते इथंच सगळं बिघडतं.

तपासाला वेळ लागतो आणि राजकारणाला नाव हवं असतं, तेही लगेच. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानाजवळ आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, ती जवळपास सगळी नमाजाला आणि कब्रस्तानात आलेली. दोन महिन्यांपूर्वीच मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते. दिल्लीत आणि मुंबईत काँग्रेस आघाडीचं सरकार होतं आणि 'दहशतवादाबाबत मवाळ' हा शिक्का पुसायची घाई होती. एटीएसनं नऊ जणांना पकडलं, सगळे मुसलमान. खटला उभा राहिला तो मुख्यतः कबुलीजबाबांवर. तपास पुढं सीबीआयकडे गेला, मग एनआयएकडे. हिंदुत्ववादी स्वामी असीमानंदांच्या २०१० मधल्या कबुलीनंतर (तीही त्यांनी पुढं नाकारली) दिशाच उलटी झाली. बहुतेकांना २०११ साली जामीन मिळाला, २०१६ साली न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं, आणि एनआयएनं त्याच स्फोटासाठी भलत्याच चार जणांवर आरोपपत्र ठेवलं. एका स्फोटाला दोन पूर्ण वेगळ्या कहाण्या, दोन्ही सरकारी शिक्क्याच्या.

कबुलीजबाबांवर इतका भर का, याचं उत्तर एका कायद्यात आहे. आपल्या नेहमीच्या कायद्यात पोलिसापुढं दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. इंग्रजांनाही आपल्या पोलिसांची ओळख होती. १९९९ साली शिवसेना-भाजप सरकारनं आणलेल्या मोक्कात मात्र अधीक्षक दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. कायदा आणला होता संघटित गुन्हेगारीसाठी, मुंबईतल्या टोळ्यांसाठी. नंतर आलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादीनं तो काढला नाही, उलट दहशतवादाच्या खटल्यांत हौसेनं वापरला. कारण उघड आहे : नाव लवकर मिळतं. पत्रकार परिषद घेता येते, टेबलामागं तोंडं झाकलेले आरोपी उभे करता येतात. मग सोळा-सतरा, कधी एकोणीस वर्षांनी न्यायालय विचारतं की कबुली सोडून आणखी काय आहे? तोवर ज्यांनी पत्रकार परिषद घेतली ते निवृत्त होऊन गेलेले असतात.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच परिसरातलं आहे. २००६ च्या मे महिन्यात मनमाड-चांदवड रस्त्यावर एटीएसनं पाठलाग करून एक गाडी अडवली. तीत तीस किलो आरडीएक्स, एके-४७ रायफली आणि हजारो काडतुसं निघाली. दुसरी गाडी निसटली. ती चालवणारा बीडचा झबीउद्दीन अन्सारी, तोच पुढं २६/११ च्या वेळी कराचीत बसून फोनवरून सूचना देणारा अबू जुंदाल निघाला. २०१२ साली सौदीतून त्याला भारतात आणलं, आणि २०१६ साली विशेष न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. न्यायालयानं मोक्का लागू होत नाही असं सांगितलं, तरी शिक्षा झाली, कारण माल रस्त्यावर पकडलेला होता. कसाबचंही तेच. तुकाराम ओंबळेंनी तो जिवंत धरून ठेवला. जिथं राजकारण पोचायच्या आधी पोलिसाचा हात पोचला, तिथले खटले टिकले.

२००८ च्या मालेगाव स्फोटाकडे वळू. भिक्खू चौकात रात्री साडेनऊच्या सुमाराला मोटारसायकलवरचा बॉम्ब फुटला. रमजानचा महिना, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्याच रात्री गुजरातेत मोडाशालाही मोटारसायकलीतच स्फोट झाला आणि एक मुलगा गेला. तो खटला कुठंच पोचला नाही, आणि त्याच्यावर राजकारण झालं नाही म्हणून तो कुणाला आठवतही नाही. मालेगावात एटीएसप्रमुख हेमंत करकरेंनी मोटारसायकलीचा माग काढला आणि ऑक्टोबरअखेर प्रज्ञासिंह ठाकूर, पुढच्या महिन्यात लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक केली. चार-पाच राज्यांच्या निवडणुका तोंडावर होत्या. करकरेंवर त्या महिनाभरात जी राळ उडवली गेली ती ज्यांनी वाचली त्यांच्या लक्षात असेल. २६ नोव्हेंबरला ते गेले आणि एका रात्रीत सगळ्यांचे हुतात्मा झाले.

पण त्यांना शांतपणे हुतात्माही राहू दिलं नाही. महिना उलटायच्या आत केंद्रातले मंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी त्यांच्या मृत्यूविषयी शंका काढली. २०१९ साली भोपाळच्या भाजप उमेदवार म्हणून प्रज्ञासिंह यांनी सांगितलं की करकरे माझ्या शापानं मेले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्य विधानसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते, काँग्रेसचे विजय वडेट्टीवार यांनी ती गोळी कसाबची नव्हतीच असं म्हटलं. वडेट्टीवारांचा रोख होता उज्ज्वल निकमांवर, कारण ते तेव्हा मुंबईतून भाजपचे उमेदवार होते. तीन वेगळे हेतू, तीन वेगळे मतदार आणि मध्ये एकच मेलेला अधिकारी. मला विचाराल तर या तिघांत उजवं-डावं करण्यासारखं काही नाही.

खटला मात्र सरकारं बदलतील तसा वळत गेला. २०११ साली तो एनआयएकडे गेला. २०१४ नंतर विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याला सौम्य धोरण घ्यायला सुचवलं गेलं. एनआयएनं ते नाकारलं. २०१६ साली एनआयएनं मोक्का काढून टाकला आणि प्रज्ञासिंह यांच्याविरुद्ध पुरावा नाही असं न्यायालयाला कळवलं. न्यायालयानं ते पूर्ण मान्य केलं नाही आणि त्यांच्यावर खटला चालवला. दरम्यान दंडाधिकाऱ्यांपुढचे काही साक्षीदारांचे मूळ जबाब गहाळ झाल्याचं उघड झालं, मग छायाप्रती चालतील का यावर वाद रंगला. तीनशेवीसहून अधिक साक्षीदार तपासले, तीसहून अधिक फितूर झाले. शेवटी न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी म्हटलं की स्फोट झाला हे सिद्ध आहे, पण तो त्याच मोटारसायकलीत झाला आणि ती प्रज्ञासिंह यांचीच होती हे सिद्ध नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालची मंजुरीही सदोष. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्यावेत, असा आदेश झाला.

हे वाचून कुणी म्हणेल, तर मग दहशतवादातून राजकारण काढूनच टाका. हे वाक्य मला व्याख्यानांनंतर नेहमी ऐकू येतं आणि मला ते मुळीच पटत नाही. १२ मार्च १९९३ घ्या. मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. शरद पवारांना मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता आणि दोनच महिन्यांपूर्वी मुंबई दंगलीत होरपळली होती. पवारांनी दूरदर्शनवर तेरा ठिकाणं सांगितली. तेरावं मशीद बंदर, मुस्लिम वस्तीचं, जिथं काही झालंच नव्हतं. हल्ला एका धर्माच्या वस्त्यांवर झाला असा समज होऊ नये म्हणून आपण हेतुपुरस्सर खोटं बोललो, हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितलं. शंभर टक्के राजकारण, आणि त्यानं मुंबई वाचली असं मानायला जागा आहे. त्याच मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीचं काय झालं? १९९६ च्या जानेवारीत युती सरकारनं तिची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात तो पुन्हा जिवंत झाला, पण कार्यकक्षेत स्फोटांची भर घालून. स्फोटांच्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले. दंगलीत नऊशे माणसं गेली, तिच्यासाठी शिक्षा झालेल्यांची नावं आठवायला थांबावं लागतं. ज्या हिंसेला परका शत्रू दाखवता येतो तिचा पाठपुरावा होतो; ज्या हिंसेत आपलाच मतदार असतो तिची फाइल बंद होते.

२६/११ नंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील पदावरून गेले, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. ते दहशतवाद्यांमुळं गेले म्हणणं अर्धवट होईल. एक जण कपडे बदलत राहिला अशी बातमी झाली, दुसऱ्यानं मोठ्या शहरांविषयी एक सिनेमातला संवाद फेकला, तिसरा ताजच्या पाहणीला चित्रपट दिग्दर्शकाला घेऊन गेला. माणसं चुकीच्या कामासाठी नाही, चुकीच्या दिसण्यासाठी गेली. तरीही गेली, हे लोकशाहीच्या पदरात टाकायला हवं. याच दिवसांत, ताजमधली चकमक अजून चालू असताना, दिल्लीच्या वर्तमानपत्रांत भाजपनं रक्ताचे शिंतोडे दाखवणारी मत मागणारी जाहिरात दिली. दिल्लीनं शीला दीक्षितांनाच पुन्हा निवडून दिलं. २००९ ला मुंबईच्या सहाही लोकसभा जागा काँग्रेस आघाडीकडे गेल्या (मनसेनं मतं फोडली हे खरंच, पण ते तरी राजकारणच की), आणि वर्षअखेर आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री. मतदार दहशतवादावर चिडून मत देतो, हा पक्षांचा समज मतपेटीत दर वेळी उतरतोच असं नाही.

स्पेनमध्ये तो उतरला, पण उलटा. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकलमध्ये स्फोट झाले, तीन दिवसांवर मतदान. अझ्नार सरकारनं बास्क अतिरेक्यांकडे बोट दाखवलं, कारण इराक युद्धात उडी घेतल्याचा सूड असं निघालं तर पंचाईत होती. लोकांना ते कळलं, आणि सरकार पडलं. आपल्याकडं २०१९ साली पंतप्रधानांनी औशाच्या सभेत पहिल्यांदा मत देणाऱ्यांना सांगितलं की तुमचं मत बालाकोटच्या वीरांना अर्पण करा. निवडणूक आयोगातल्या एका आयुक्तानं हरकत नोंदवली, बहुमतानं ती बाजूला पडली.

कायद्यांचं प्रकरण या पुस्तकात मोठं आहे, इथं एकच नमुना. २००२ साली वाजपेयी सरकारनं पोटा हा दहशतवादविरोधी कायदा संमत करण्यासाठी संसदेचं संयुक्त अधिवेशन बोलावलं, स्वतंत्र भारतातलं तिसरं. २००४ साली काँग्रेस आघाडीनं तो रद्द केला आणि डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईनंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्यातलं बरंचसं यूएपीएत परत आणलं. महाराष्ट्राच्या मोक्कावर बेतलेला गुजरातचा कायदा मात्र केंद्रातल्या त्याच आघाडीच्या काळात मंजुरीविना राहिला, आणि २०१९ मध्ये केंद्रात मोदी सरकार असताना त्याला मंजुरी मिळाली. साचा एकच. मुख्यमंत्री कोण, यावर तो देशाला धोकादायक की आवश्यक ते ठरलं.

निकमांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण जळगावकर त्यांच्याबद्दल अभिमानानं बोलतात आणि अभिमानाला कारणही आहे. कसाबच्या खटल्यात त्यांनी सरकारी बाजू भक्कम मांडली. उघड न्यायालयात, बचावाच्या वकिलासह चाललेला तो खटला जगाला दाखवण्यासारखा झाला. पण रक्षाबंधनाच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्या आल्या आणि वातावरण हळवं होतंय असं त्यांना वाटलं, तेव्हा त्यांनी पत्रकारांना सांगितलं की कसाबनं मटण बिर्याणी मागितली आहे. ती बिर्याणी त्यानं मागितली नव्हती, कुणी दिलीही नव्हती, हे निकमांनीच २०१५ मध्ये जाहीर केलं. तोवर ती देशभरच्या प्रचारसभांत वाढून झाली होती, आणि खुलाशानंतरही ती पंक्ती उठली नाही. २०२४ ला निकम लोकसभा हरले, २०२५ ला राष्ट्रपतिनियुक्त म्हणून राज्यसभेत गेले. वकिलानं राजकारणात जाणं गैर नाही. खटला चालू असतानाच न्यायालयाबाहेर एक निवाडा देऊन टाकायचा, आणि तो लोकांना इतका आवडावा, हे मात्र मला बोचतं.

शेवटी धुळे. २००९ पासून धुळे लोकसभेत मालेगावचे दोन्ही विधानसभा मतदारसंघ आहेत; स्फोट झाला ते मालेगाव मध्य त्यातलंच. २०१६ मध्ये इथले खासदार सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते. २९ सप्टेंबरला सर्जिकल स्ट्राइक जाहीर झाला, आणि त्याच दिवशी बोरविहीरचा जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडे गेला. बोरविहीर म्हणजे चाळीसगाव-धुळे गाडीचं एक स्टेशन. नातवाची बातमी ऐकून आजी गेली. भामरेंनी पाठपुरावा केला, २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा सीमेवरून परतला, आणि नंतर लष्करी न्यायालयात त्याला ८९ दिवसांची शिक्षा झाली. स्ट्राइकचा वाढदिवस विद्यापीठांनी साजरा करावा असं पत्रक निघालं; या मुलाची आठवण त्यात कुठं बसत नव्हती. २०२४ ला भामरे पाच विधानसभा मतदारसंघांत मिळून सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढं होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं त्यांना ३,८३१ मतांनी हरवलं. देवेंद्र फडणवीसांनी याला 'व्होट जिहाद' म्हटलं. स्फोट सोसलेल्या गावानं मतपेटीतून दिलेलं हे उत्तर कुणाला आवडो न आवडो, त्यालाही देशाच्या उत्तरातच धरावं लागेल, असं मला वाटतं.

भिक्खू चौकात ती मोटारसायकल कुणी उभी केली हे या पुस्तकात सापडणार नाही. प्रकरणं कालक्रमानं नाहीत, त्यामुळं १९९३ आधी नि २००६ नंतर अशी अपेक्षा ठेवू नये. कायद्यांचं प्रकरण कंटाळवाणं वाटलं तर खुशाल ओलांडावं, फक्त कबुलीजबाबांची पानं वाचावीत. पहिलं प्रकरण ८ सप्टेंबर २००६ च्या दुपारी, बडा कब्रस्तानाच्या फाटकापाशी सुरू होतं.